कारण यादीत नाही

आमच्या ऑफिसात रजेचे अर्ज खोटे असतात, असा मला पहिल्या दिवसापासून संशय होता. (नोकरी लागून तेव्हा चारच तास झाले होते.) म्हणून वर्डमधल्या रजेच्या फॉर्मला एक छोटासा मॅक्रो जोडायचं ठरवलं. रकाना चुकला की पाटी झळकणार आणि कर्सर कान धरून परत तिथंच!

पण संशयाला तळ नसतो. हेडक्लार्कबाईंच्या सासूबाई वर्षातून पाच वेळा आजारी पडत. मी एकदा मुद्दाम फोन केला, तर खोकल्या. खोकला पाठ केलेला वाटला. मग मी ऐनवेळच्या रजेला एकच कारण ठेवलं: आजारपण, स्वतःचं किंवा नातेवाइकाचं. आजाऱ्याचा फोन नंबर सक्तीचा. मॅक्रोला संगणकानंच बनवलेला सव्वीस अक्षरी पासवर्ड घातला आणि त्याची छापील प्रत न वाचता लखोट्यात घालून साहेबांच्या कपाटात ठेवली. (माझा माझ्यावरही संशय होता.)

मंगळवारी दुपारी बायकोचा फोन आला.

"अरे, मुलाखत उद्याच ठेवलीय! दीड वर्षानं बोलावणं आलंय. पिल्लूला तू सांभाळशील ना?"

"म्हणजे काय! बाप आहे मी."

ताठ मानेनं टाइप केलं: 'पत्नीची मुलाखत. मुलीला सांभाळायचे आहे.'

पाटी आली: 'कारण यादीत नाही. खरे कारण लिहा.'

तेरा वेळा लिहिलं, तेरा वेळा पाटी. साहेब आठवडाभर रजेवर, कपाटाची किल्ली त्यांच्याच खिशात. (अर्ज त्यांनी कागदावर, पेनानं लिहिला होता.)

"बाई, मीही हातानं लिहून देऊ?"

"साहेब सोडून सगळ्यांना फॉर्मच, हे परिपत्रक कुणी काढायला लावलं?"

"मी."

"पाच वाजत आले. लिहा, सासूबाई आजारी."

"पण ते धडधडीत खोटं आहे!"

"मग बायकोला सांगा, तुझी मुलाखत यादीत नाही."

लिहिलं. मॅक्रो गुणी बाळासारखा गप्प.

बायको मुलाखतीला गेली. सासूबाईंना आधी कल्पना द्यायला मात्र मला तोंड नव्हतं. गुरुवारी ऑफिसात पाहतो, तर माझ्या अर्जावर बाईंचा शेरा: 'आजाऱ्याशी फोनवर बोलले.' धावत बाईंचं टेबल गाठलं.

"काय म्हणाल्या त्या?"

"आधी संशयानं विचारलं, कोण तुम्ही, कशाला चौकशी? जावयाच्या रजेचं आहे म्हटलं, तर लगेच खोकल्या." बाईंनी ठसठशीत सही केली. "खरं सांगू? आमच्या सासूबाईंना पाच वर्षांत इतकं छान जमलेलं नाही."