अकरा ट्यूबा

संस्कृतीच्या मानेवरचा नायटा तिसऱ्यांदा उगवला, तेव्हा तनुजानं सासऱ्यांची ट्यूब उचलली आणि त्यांच्या डोळ्यांदेखत कचऱ्याच्या डब्यात टाकली.

"अगं, निम्मी भरलेली व्हती ती!" बद्रीनाथराव कळवळले.

"बाबा, आज मी हिला कातडीच्या डॉक्टरकडं नेणार. तुमी येता का नाय, तेवढं सांगा."

बद्रीनाथराव जिल्हा परिषदेतून निवृत्त झाले आणि गारखेड्यातल्या आपल्या कॉलनीचे बिनपगारी वैद्य झाले. वर्षभरापूर्वी मेडिकलवाल्यानं त्यांना खाजेची एक ट्यूब दिली होती. तीन दिवसांत खाज गायब! तेव्हापासून समोरच्यानं जरा कंबर खाजवली, की बद्रीनाथरावांचा हात खिशात जायचा. "लावा. तीन दिवसांत नाय गेलं तर मला सांगा," असं म्हणून ते ट्यूब हातात ठेवायचे. लोक चौथ्या दिवशी आभार मानायला यायचे. पंधराव्या दिवशी कुणी येत नसे, आणि हे बद्रीनाथरावांच्या कधी लक्षात आलं नव्हतं.

औरंगपुऱ्यातल्या दवाखान्यात डॉक्टर मोनालींनी संस्कृतीची मान पाहिली आणि विचारलं, "हिला आधी काय लावत होता?"

"मीच दिली ट्यूब," बद्रीनाथराव ताठ बसून म्हणाले. "लई गुणाची हाय." आणि त्यांनी नाव सांगितलं.

"काका, त्या ट्यूबमध्ये स्टिरॉइड असतं. खाज दबते, चट्टा फिका पडतो, आपल्याला वाटतं बरं झालं. बुरशी मात्र जिवंत असते. ट्यूब थांबली की ती दुप्पट पसरते. आणि हे बघा." डॉक्टरांनी संस्कृतीची मान दिव्याकडे वळवली. चट्ट्याभोवतीची कातडी चमकत होती आणि खालच्या बारीक शिरा दिसत होत्या. "सहा वर्षांच्या पोरीची कातडी पातळ झालीय. भरून येईल, पण वेळ लागेल."

बद्रीनाथराव त्या शिरांकडे बघत राहिले. ट्यूब त्यांनी स्वतःच्या बोटानं लावली होती, रोज आंघोळीनंतर, न चुकता.

"आणखी कुणाला दिलीय का?"

बद्रीनाथराव बोटांवर मोजू लागले. एक हात संपला, दुसराही संपला. "अकरा जणांला," ते हळूच म्हणाले.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "अकराही जणांना पाठवा. आणि तुमच्या घरातल्या सगळ्यांना घेऊन या. नायटा टॉवेलातून, कपड्यांतून घरभर फिरतो."

दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना बद्रीनाथराव सुनेला म्हणाले, "अकराच्या अकरा ट्यूबा परत आणतो. नाय आणल्या तर बघ."

पहिलं घर पुंडलिकरावांचं. ते शेजारीच राहत.

"पुंडलिक, ती ट्यूब दे परत."

"कामून?"

"चांगली नाय ती."

"चांगली नाय?" पुंडलिकरावांनी डोळे बारीक केले. "मंग तुला कशाला पायजे?"

"तिच्यात स्टिरॉइड हाय," एवढंच बद्रीनाथराव म्हणाले.

"अस्सं! म्हंजी ताकदीची हाय," असं म्हणत पुंडलिकरावांनी ट्यूब पेटीत ठेवून कुलूप लावलं.

दूध डेअरीच्या भामाबाईंनी तर दारातच अडवलं. "बद्रीभाऊ, दिल्याली वस्तू कुणी परत मागतं व्हय? माझी एवढुशी ऱ्हायलीय. मी नाय देणार."

संध्याकाळपर्यंत त्यांनी दहा दारं पालथी घातली. हाती एक ट्यूब लागली, तीही रिकामी. कॉलनीत मात्र दुसऱ्याच दिवशी बातमी पसरली, की ती ट्यूब बाजारातून बंद होणार आहे आणि बद्रीनाथराव गुपचूप साठा करताहेत. मेडिकलवाल्यानं त्यांना रस्त्यात गाठून नमस्कार केला. "काका, तुमच्यामुळं अख्खा बॉक्स संपला. दुसरा मागवलाय!"

बद्रीनाथराव त्या दिवशी जेवले नाहीत. त्यांची बायको द्वारकाबाई ताट घेऊन बसल्या होत्या. "आता सोडा की नाद," त्या म्हणाल्या.

"नाय सोडणार. लासूरची एक बाकी हाय."

लासूर स्टेशनला द्वारकाबाईंचा भाऊ सांडू राहत होता. बद्रीनाथराव सकाळच्या गाडीनं गेले आणि थेट गोठ्यात शिरले.

"दाजी, तुमी? न सांगता?"

"सांडू, ती ट्यूब कुठाय?"

"संपली ना. म्हशीला बी लावली."

"म्हशीला!"

"तिच्या मानंवर चट्टा व्हता. चार दिसांत गेला बगा." सांडूनं इकडं तिकडं पाहिलं आणि आवाज उतरवला. "पर दाजी, परत आला. पैल्यापेक्षा मोठा."

"आन् तुझा?"

सांडू खाली बघून पायानं कडबा सारू लागला. "माझा बी. बसता येत नाय नीट."

"मंग मला फोन कामून नाय केला?"

"कसा करणार? तुमी येवढ्या कौतुकानं दिली व्हती. आन् जागा बी सांगण्यासारखी नाय."

परतीच्या गाडीत बद्रीनाथराव खिडकीशी बसून होते. म्हणजे कुणाचाच गेला नव्हता. सगळ्यांचा उगवला होता आणि सगळे लाजेनं गप्प होते. त्यात एक असामी अशी होती, जिला ही गोष्ट आठ महिन्यांपासून ठाऊक होती. त्यांनी सदऱ्याखाली हात घालून कंबर खाजवली.

रविवारी सकाळी कॉलनीच्या मंदिरासमोर पाण्याच्या टँकरवरून बैठक होती. चाळीसएक माणसं जमली होती. टँकरचा विषय निघायच्या आतच बद्रीनाथराव उठले.

"मला नायटा हाय," ते मोठ्यांदा म्हणाले.

मागच्या बाजूला उभ्या असलेल्या त्यांच्या मुलानं, गोकुळनं, कपाळाला हात लावला. "बाबा, बसा खाली!"

"नाय बसत. कमरेला हाय. आठ महिने झाले. ट्यूब लावली की जातो, सोडली की येतो, आन् दरवेळी मोठा होऊन येतो. मी लाजून कुणाला सांगितलं नाय आन् तुमाला तीच ट्यूब वाटत ऱ्हायलो. माझ्या नातीची मान खराब केली मी." त्यांनी सदरा वर केला. चट्टा पोळीएवढा होता, कडा लालभडक. "आता बोला, कुणाचा गेलाय?"

पुंडलिकराव घसा खाकरत उठले. "माझा बी नाय गेला."

"माझा बी," भामाबाई म्हणाल्या. त्यांच्या नवऱ्यानं नुसताच हात वर केला. त्यानंतर हात मोजायला तनुजाला पायरीवर चढावं लागलं.

सोमवारी सहा रिक्षा औरंगपुऱ्याला गेल्या. पेशंट तेवीस होते, सांडू धरून. म्हशीसाठी त्यानं जनावरांचा डॉक्टर गाठला होता. डॉक्टर मोनालींनी एकेकाला तपासलं आणि बजावलं. मलम चट्ट्याच्या बाहेर दोन बोटं जास्तीचं लावायचं. चट्टा दिसेनासा झाल्यावरही दोन आठवडे सोडायचं नाही. कपडे गरम पाण्यात धुवून उन्हात वाळवायचे. बद्रीनाथराव दारात उभे राहून बाहेर येणाऱ्या प्रत्येकाकडून ते पाठ म्हणून घेत होते. पुंडलिकरावांना त्यांनी तीनदा परत आत पाठवलं.

शेवटी घरच्यांची पाळी आली. गोकुळच्या मांडीवर निघाला, तनुजाच्या कोपरावर निघाला. द्वारकाबाईंना मात्र डॉक्टरांनी दोनदा तपासलं.

"काकू, तुम्हाला कुठंच काही नाही. घरात चौघांना असताना तुम्ही कशा सुटलात?"

द्वारकाबाईंनी पदर सावरला. "माझा टॉवेल वेगळा हाय. लगीन झाल्यापासून. ह्यांचा ओला टॉवेल मी एकदा बी अंगाला लावला नाय."

"चौतीस वर्षं?" बद्रीनाथराव थक्क झाले. "मला कसा दिसला नाय कधी? कुठं असतो?"

"ते नाय सांगणार. सांगितलं की तुमी वापराल."

डॉक्टर हसू दाबत लिहू लागल्या. तेवढ्यात विसरलेला कागद न्यायला आलेल्या भामाबाई दारातून आत वाकल्या.

"द्वारका, माझा बी वेगळाच व्हता गं," त्या हळहळून म्हणाल्या. "पर आमच्या ह्यांनी हुडकला. तू कुठं लपवतीस, तेवढं मला कानात सांग की."