पिवळ्या पट्ट्यामागचा मास्तर

क्लॅरी व्हिटबर्न वाफेच्या पेटीतून फळी बाहेर काढत होता, नेमका तेव्हाच प्रशिक्षण संस्थेच्या ऑफिसातला गॅव्हिन गळ्यात ओळखपत्र लटकवून शेडमध्ये शिरला. वाफाळलेली फळी वाकवून होडीच्या अंगावर बसवायला मिनिटभरही मिळत नाही. तेवढ्यात ती निवते आणि मग कुणाच्या बापाचं ऐकत नाही. हे गॅव्हिनला अनेकदा सांगून झालं होतं.

“क्लॅरी, मित्रा, तुझं सर्टिफिकेट कुठाय?”

“कसलं?”

“होडीबांधणीचं. एक जुलैपासून सर्टिफिकेट नसेल तर शिकवता येणार नाही. नवा नियम आलाय.”

“अरे, आजवर चौऱ्याण्णव पोरांच्या सर्टिफिकेटांवर मी सही केलीय!”

“ती सगळी फायलीत आहेत. तुझंच तेवढं नाही.”

फळी निवली, आणि फुकट गेली.

तसं पाहिलं तर हुऑन नदीच्या काठी क्लॅरीला सर्टिफिकेट देणार कोण? ज्या म्हाताऱ्या आर्चीच्या हाताखाली तो शिकला, त्या आर्चीला धड दहा बोटंही नव्हती, सर्टिफिकेट तर लांबच राहिलं. होडीबांधणीचा हा वर्गच मुळी क्लॅरीने सुरू केलेला. पंधराव्या वर्षी त्याने शाळा सोडली होती आणि सहासष्टाव्या वर्षापर्यंत त्याला त्याचा भलता अभिमान होता. ‘कागदाला पाणी लागलं की लगदा होतो, लाकडाला लागलं की सांधा घट्ट बसतो,’ हे वाक्य तो नव्या मुलांना पहिल्याच दिवशी ऐकवायचा, आणि मुलं ते इमानेइतबारे कागदावर उतरवून घ्यायची.

पण एक जुलै म्हटल्यावर तो अभिमान पुरेना. त्याची बायको नोला जाऊन सहा वर्षं झाली होती. घरी गेलं तर बोलायला किटली तेवढी होती. शेडमध्ये बारा मुलं होती. ही शेड सुटली तर सकाळी उठायचं कशासाठी, हे त्याला ठाऊक नव्हतं.

गॅव्हिनकडे उपाय होता. गॅव्हिनकडे नेहमीच असतो. आयुष्यभर जे शिकलात ते मान्य करून घ्यायचा चौसष्ट पानी फॉर्म! क्लॅरीने तो रविवारभर बसून भरला. शेवटच्या पानावर परीक्षकाची सही हवी होती.

“आपल्या भागात होडीबांधणीचा मान्य परीक्षक एकच आहे,” गॅव्हिन कॉम्प्युटरकडे बघत म्हणाला. “तू.”

“मग काय, मीच घेतो माझी परीक्षा. पास करीनच असं मात्र नाही हं.”

“स्वतःची घेता येत नाही. दुसरा परीक्षक मिळेपर्यंत तू विद्यार्थी म्हणून नाव घाल.”

“कुणाच्या वर्गात?”

“तुझ्याच.”

नाव घातलं. आता विद्यार्थी म्हटला की सुरक्षेचा धडा झाल्याशिवाय त्याला विजेच्या करवतीजवळ जाता येत नाही. धडा द्यायचा क्लॅरीने. त्याने तो दिला, स्वतःही लक्षपूर्वक ऐकला, आणि दोन्ही रकान्यांत सह्या ठोकल्या. कॉम्प्युटरने त्या नाकारल्या. शिकवणारा आणि शिकणारा एकच माणूस कसा असेल, असा त्या यंत्राचा प्रश्न होता, आणि क्लॅरीचा अख्खा जन्म तसाच गेला होता.

मग करवतीभोवती जमिनीवर पिवळा पट्टा मारला गेला. सत्तावीस वर्षं शिकवणारा मास्तर पट्ट्यामागे उभा राहून ओरडायला लागला आणि पोरांची चंगळ झाली.

“क्लॅरी, पाय आत आला बघ तुझा! गॅव्हिनला सांगू?”

“आधी फळी सरळ धर, मग सांग!”

एक जुलैला चार दिवस उरले असताना गॅव्हिनला परीक्षक सापडला. टॅमसिन डॉयल. सोळा वर्षांपूर्वी याच शेडमध्ये शिकलेली, आता पलीकडच्या खाडीवर स्वतः होड्या बांधणारी. क्लॅरीचा जीव भांड्यात पडला. असा हात त्याने दुसरा पाहिला नव्हता.

टॅमसिनने मात्र ओळख दाखवली नाही. सकाळभर त्याला घासून घेतलं. सांधा करायला लावला, मोडायला लावला, पुन्हा करायला लावला. नव्या डिंकाबद्दल विचारलं, तर क्लॅरीने गेल्या हिवाळ्यात घरी केलेले सतरा प्रयोग सांगितले. तेव्हा कुठे ती हसली आणि रकान्यात बरोबरची खूण केली.

चहा पिताना त्याने सहज विचारलं, “बरं चाललंय ना तुझं?”

“काम जोरात आहे. दर वर्षी काहीतरी नवं शिकते, तुझ्यासारखीच. पण माझ्या होडीच्या नकाशावर माझी सही चालत नाही, क्लॅरी. पदवीवाल्याची लागते. मेलबर्नहून बावीस वर्षांचं पोरगं येतं. रंधा कुठल्या बाजूने धरायचा ते मी त्याला दाखवते, मग ते सही करतं आणि जातं.”

क्लॅरीने कप खाली ठेवला. सोळा वर्षांपूर्वी जहाजांची रचना शिकायला हिला विद्यापीठात जागा मिळाली होती. पत्र घेऊन ती धावत शेडमध्ये आली होती. आणि तो म्हणाला होता, “चार वर्षं बाकावर बसून होडी तरंगते होय गं?” पोरं हसली होती. तीही हसली होती, आणि गेली नव्हती.

खरं कारण त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. त्या हिवाळ्यात मासेमारीची मोठी बोट बांधायला घेतली होती आणि त्याला तिचे हात हवे होते.

“मी चुकलो गं,” तो म्हणाला. “तुझ्या भल्याचं नव्हतं ते. माझ्या सोयीचं होतं.”

“बोललास तू,” टॅमसिन म्हणाली. “ऐकलं मी.”

ती सहीसाठी पेन काढत होती, तेवढ्यात गॅव्हिन धावत आला. “थांब, थांब! आत्ताच कळलं. परीक्षकालाही आता पदवी लागते. टॅमसिन, तुझी कुठल्या विद्यापीठाची?”

पट्ट्यापलीकडच्या मुलांनी करवत बंद केली.

“नाही?” गॅव्हिनने निःश्वास टाकला. “मग सवलतीचा अर्ज करायचा. मिळेलच असं नाही, पण करू. एकच पान आहे.” त्याने कागद टेबलावर ठेवला. “हा रकाना भरायचा बघ, ‘परीक्षकाकडे पदवी नसण्याचे कारण’.”

टॅमसिनने पेन उघडलं. क्लॅरीने ते तिच्या हातातून घेतलं, चष्मा लावला आणि सावकाश, ठळक अक्षरांत लिहिलं: क्लॅरी व्हिटबर्न.

गॅव्हिनने वाकून वाचलं. “अरे मित्रा, इथे तुझं नाव नाही लिहायचं. इथे कारण लिहायचंय.”

“कारणच लिहिलंय,” क्लॅरी म्हणाला.