फणसेमॅडमची दुसरी कॉपी

फणसेमॅडमचं घर इंदूरच्या राजेंद्र नगरला आणि घराची दुसरी किल्ली पार शहराबाहेर, सिमरोल गावाला. एकदा पहिली किल्ली घरात राहिली आणि दार बाहेरून ओढलं गेलं. मॅडम भर दुपारी बस पकडून सिमरोलला गेल्या, त्यांच्या जुन्या कामवाल्या बाईच्या मळ्यातून किल्ली घेतली, तिथेच पिठलं-भाकरी जेवल्या आणि संध्याकाळी येऊन शांतपणे दार उघडलं.

"मॅडम, शेजारी ठेवा ना किल्ली," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. "अरे भिया, आमच्या गल्लीलाच काही झालं तर? शेजारची आणि माझी, दोन्ही एकदम जातील ना!"

आमची कंपनी परीक्षांचे निकाल तयार करून द्यायची. ते दिवसच चमत्कारिक होते. इंदूरच्या कापडमिला एकेक करून बंद पडत होत्या आणि गल्लोगल्ली कॉम्प्युटर क्लासचे बोर्ड लागत होते. फणसेमॅडम आमच्या कॉम्प्युटर विभागाच्या प्रमुख. पन्नाशीच्या, एकट्या राहणाऱ्या, कडक इस्त्रीच्या सुती साडीत कायनेटिक स्कूटरवरून येणाऱ्या. कोणतीही वस्तू दाखवा, त्यांचा प्रश्न ठरलेला: "छान! दुसरी कुठे आहे?" आमच्या ऑफिसातल्या वैद्यचं नुकतंच लग्न झालं होतं. तो बायकोला आणि लग्नाचा अल्बम घेऊन भेटायला आला. मॅडमनी अल्बम मन लावून पाहिला आणि म्हणाल्या, "सुंदर! दुसरी कुठे ठेवलीस?" त्या अल्बमच्या कॉपीबद्दल विचारत होत्या, पण नव्या नवरीचा चेहरा पांढरा पडला. वैद्यला ते घरी निस्तरायला बरेच दिवस लागले.

कॉम्प्युटरमधल्या सगळ्या कामाची कॉपी मॅडम कॅसेटसारख्या टेपवर उतरवून ठेवायच्या. मग आमचे मालक शर्माजी यांनी नवा सर्व्हर आणला. त्यात दोन हार्ड डिस्क. एकीवर जे लिहाल ते त्याच क्षणी दुसरीवरही लिहिलं जाणार. विकणाऱ्याने त्याला 'मिरर' म्हटलं आणि शर्माजी खूष झाले.

"बस, अब टेप-वेप बंद! दो-दो कॉपी तो मशीन में ही है."

"सर," मॅडम म्हणाल्या, "आप आईने के सामने मूँछ मुँडवाओगे, तो आईनेवाले की बचेगी क्या?"

शर्माजींचा हात आपोआप मिशीवर गेला. मॅडमनी मग नीट समजावलं. एक डिस्क जळली तर दुसरी काम चालू ठेवेल, आरशाचा उपयोग एवढाच. पण कोणी चुकून काही पुसलं, तर ते दोन्हीकडून पुसलं जाईल. पुसलेलं परत हवं असेल तर वेगळी कॉपी पाहिजे, आणि तीही वेगळ्या जागी. शर्माजींनी मान डोलावली, पण पटलं नव्हतं. मॅडमनी टेप चालूच ठेवल्या. एक ऑफिसच्या कपाटात. दुसरी दर शनिवारी पर्समध्ये घालून त्या जुनी इंदूर भागात न्यायच्या, मोठ्या भावाच्या घरी.

निकालाच्या आठवड्यातल्या सोमवारी शर्माजी स्वतः कॉम्प्युटरवर बसले. जागा कमी पडतेय म्हणून त्यांनी 'पुराना कचरा' साफ करायला घेतला. थोड्या वेळाने त्यांची हाक आली. आवाज ओळखू येईना.

"मॅडम... इस साल का कहाँ गया?"

यंदाचे सगळे गुण पुसले गेले होते. दुसऱ्या डिस्कनेही इमानेइतबारे तेच केलं होतं. मॅडमनी कपाटातली टेप लावली. मशीन घरघरलं आणि टेप आतच गुंतली. गुण टाइप करणाऱ्या मुली रडायला लागल्या. सगळे गुण पुन्हा भरायचे म्हणजे निकाल महिनाभर पुढे, आणि पोरांचे पुढचे प्रवेश लटकले.

"चल," मॅडम मला म्हणाल्या. "अण्णाकडे."

कायनेटिकवर मागे बसून मी जुनी इंदूरला पोचलो. अण्णा म्हणजे मॅडमचे भाऊ. मिलमध्ये विणाई खात्यात आयुष्य गेलं. मिल बंद झाली तेव्हापासून घरीच. अंगात बनियन, दाढी वाढलेली. टेप त्यांच्या खोलीत लोखंडी पेटीत, जाड फडक्यात गुंडाळलेली. चुंबकाने टेप पुसली जाते आणि स्पीकरमध्ये चुंबक असतं असं बहिणीने सांगितल्यापासून त्यांनी रेडिओ स्वयंपाकघरात हाकलला होता.

"हा कोण?" त्यांनी माझ्याकडे पाहून विचारलं.

"ऑफिसातला आहे. अण्णा, टेप दे लवकर. सगळं गेलंय रे."

अण्णा पेटीवर हात ठेवून तसेच उभे राहिले. "गाडीवर हादरे बसतील. पोराच्या हातात नाही द्यायचा मी. मीच घेऊन येतो."

दारातल्या वहिनींनी डोळे मोठे केले. अण्णांनी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला. आम्ही दोघं घड्याळाकडे बघत उभे, पण मॅडमनी त्यांना घाई केली नाही. मग ते रिक्षात बसले, टेप मांडीवर, दोन्ही हातांनी धरून.

ऑफिसात मॅडमनी गुंतलेली टेप काढून मशीन साफ केलं आणि अण्णांची टेप लावली. घरघर सुरू झाली. शर्माजी हात जोडून मशीनसमोर उभे. हळूहळू पडद्यावर एकेका शाळेचं नाव उमटायला लागलं. शनिवारपर्यंतचं सगळं होतं! सोमवारी सकाळी भरलेलं तेवढं पुन्हा टाइप करायचं होतं. मुलींनी टाळ्या वाजवल्या. शर्माजी मटकन खुर्चीत बसले आणि रुमालाने मान पुसत हसत सुटले. हसता हसता म्हणाले, "कल ही बँक में लॉकर लेते हैं, मॅडम. टेप वहीं रखेंगे. बड़े भैया को तकलीफ नहीं."

"लॉकर घ्या सर, पण त्यात तिसरी ठेवू," मॅडम म्हणाल्या. "दुसरी अण्णाकडेच राहील."

काम संपलं, पण मॅडम उठेनात. पलीकडे मुलींनी अण्णांना चहा दिला होता आणि अण्णा पावसाळ्यात टेपला ओल कशी लागते, मिलमध्ये सुतासाठी मात्र मुद्दाम हवेत ओल कशी ठेवावी लागायची, ते हातवारे करून सांगत होते. मुली माना डोलावून ऐकत होत्या.

"मॅडम, निघायचं ना? वहिनी वाट पाहत असतील," मी म्हटलं.

मॅडमनी चष्मा काढून पदराने पुसला.

"बोलू दे रे त्याला थोडं," त्या हळूच म्हणाल्या. "मिल बंद झाल्यापासून आज पहिल्यांदा गल्लीबाहेर आलाय."