सोळाशे बारा

नुकसान उघडकीला आलं ते रविवारी सकाळी. मुलीचा फोन आला तेव्हा चष्मेवाले तोंडात ब्रश घालून उभे होते.

“बाबा, आईचा आकडा कुणी खाल्ला?”

आकडा म्हणजे बुद्धिबळाचं रेटिंग. चष्मेवाल्यांची बायको मोबाइलवर जगभरच्या लोकांशी बुद्धिबळ खेळायची. जिंकलं की आकडा वर, हरलं की खाली. खेळता खेळता ती सोळाशे बारावर पोचली आणि एका आजारपणात गेली. परगावी नोकरीला असलेली मुलगी जमेल तेव्हा आईचं ते पान उघडून आकडा बघायची. मधे कामाच्या रगाड्यात बघणं राहिलं होतं. आज बघते तर अकराशे चार!

“कुणीतरी खातं फोडलंय आईचं. मी तक्रार करते.”

चष्मेवाल्यांनी चूळ भरली. “तक्रार नको करू.”

“का?”

“चोर घरातलाच आहे.”

चष्म्याचं दुकान बंद करून घरी आलं की घर खायला उठायचं. मग चष्मेवाले बायकोचा फोन काढून दोन-चार डाव खेळायचे.

“मला वाटलं, पलीकडे मशीन आहे. मशीनशी हरायला कसली लाज?”

“माणसं असतात बाबा पलीकडे! आणि घोडा कसा चालतो ते तरी माहितीये का तुम्हाला?”

“अडीच घरं.”

“आणि मग?”

“मग मरतो.”

मुलगी हसली नाही. “तिचं तेवढंच एक जसंच्या तसं राहिलं होतं, बाबा,” असं म्हणून तिने फोन ठेवला.

चष्म्याची काच फुटली तर बदलून देता येते. हे कसं बदलून देणार? चष्मेवाले तडक बुद्धिबळ क्लबात गेले. तिथे दोनहजारी होते. क्लबातला सगळ्यात मोठा आकडा त्यांचा, दोन हजार तीन. दोन हजार ओलांडले त्याच दिवशी त्यांनी खेळणं सोडलं. खेळलंच नाही तर हरणार कसं? थंडीतला कोट डांबराच्या गोळ्या घालून ठेवावा तसा त्यांनी तो आकडा जपला होता. दुसऱ्यांच्या पटाशेजारी उभं राहून ‘च्च च्च’ करणं, एवढाच त्यांचा उद्योग. चष्मेवाल्यांनी त्यांना सगळा घोटाळा सांगितला.

“तुमच्या मिसेस आल्या होत्या इथे एकदा,” दोनहजारी म्हणाले. “म्हणाल्या, होऊन जाऊ दे एक डाव. नेमकं त्या दिवशी माझं पोट बिघडलं होतं.”

“आता कसं आहे पोट?”

“आता ठीक आहे. पण आकडा कुणाचा जाणार?”

“तिचा.”

“मग द्या फोन!”

दोनहजारी दुकानात काउंटरमागे बसले आणि पहिल्याच खेळीला हनुवटीवर हात ठेवून विचारात बुडाले. चष्मेवाल्यांनी एका गिऱ्हाइकाचे डोळे तपासले, फ्रेम दाखवली, काच ठरवली. तेवढ्यात फोन वाजला. डाव संपला होता.

“जिंकलो?”

“वेळ संपला म्हणतोय. कसला वेळ?”

“कोपऱ्यात घड्याळ आहे की! दिसत नाही का?” चष्मेवाल्यांनी लगेच त्यांना खुर्चीत बसवून तक्ता वाचायला लावला. दोनहजारींनी शेवटची बारीक ओळसुद्धा घडाघडा वाचली. नजर ठणठणीत होती. घाई करायची सवय तेवढी नव्हती. पुढचा डाव तसाच गेला, त्याच्या पुढचाही.

“अहो, जरा भराभर खेळा ना!”

“खेळतो हो. पण काय सांगू, हरायला इतकी मजा येते हे विसरूनच गेलो होतो!” दोनहजारींचा चेहरा लग्नघरातल्यासारखा फुलला होता. ते दुसऱ्या दिवशी आले, तिसऱ्या दिवशीही आले. आकडा आठशे तीसवर आला तेव्हा चष्मेवाल्यांनी फोन गल्ल्यात ठेवून कुलूप घातलं.

सकाळी फोन काढून बघतात तर आठशे पाच! त्यांनी थेट दोनहजारींचं घर गाठलं.

“कुलूप कसं उघडलंत?”

“मी? शपथ घेतो हो! रात्रभर घोरत होतो, हिला विचारा.”

“रात्रभर घोरत होते,” आतून बायको म्हणाली. “मी जागी होते ना!”

चष्मेवाल्यांनी घाबरत घाबरत मुलीला फोन लावला. “तुझं खरं होतं बघ. खातं फुटलंय. एका रात्रीत पंचवीस गेले.”



“ऐकतेयस ना?”

“मीच आहे, बाबा.”

“काय?”

“पासवर्ड माहिती होता मला. म्हटलं, तुम्हाला नाही जमत, मी भरून काढते. आईचीच मुलगी आहे, येत असेल.”

“मग?”

“नाही येत.”

आधी कोण हसलं ते सांगता येणार नाही. पण चष्मेवाल्यांना खाली बसावं लागलं, आणि दोनहजारींच्या बायकोने पाणी आणून दिलं.

आता तिघांनी वार वाटून घेतले आहेत. सोळाशे बारा पुन्हा गाठायचे आहेत. अजून तिघांपैकी एकानेही एकही डाव जिंकलेला नाही.