सावलीच्या जागी गुलछबू

चहात साखरेऐवजी मीठ पडलं, तर शालूबाई एखाद्या वेळी पोटात घालतील. (एखाद्या वेळी हं! सवय लावायची नाही.) पण नातीनं गाळणी न धरताच चहा कपात ओतावा, आणि वर तरंगणाऱ्या चोथ्याकडं मान कलती करून बघत "आज्जी, काय सुंदर दिसतंय गं!" म्हणावं, ह्याला काय म्हणायचं?

"हंबीरा, ह्या पोरीला काहीतरी झालंय," शालूबाईंनी मुलाला बजावलं. "काल गोठ्यात माझ्याकडं बोटांची चौकट करून बघत हुती. म्हटलं, काय गं? तर म्हणती, हलू नको आज्जी, उजेड मस्त पडलाय! डोक्यावर शेणाची पाटी, आणि मी हलू नको!"

हंबीररावांनी मान हलवली. ती होकाराची की नकाराची, हे आईनं ठरवायचं, अशी त्या घरातली पद्धत.

झालं होतं असं, की निशा कॉलेजात पत्रकारितेच्या शेवटच्या वर्षाला होती आणि सरांनी गटागटानं म्युझिक व्हिडिओ करून आणायला सांगितला होता. तेव्हापासून पोरगी जमिनीपासून वीतभर वरूनच चालत होती. शिवाय पुढं पुण्याला जाऊन सिनेमाचं शिकायचं तिच्या मनात भरलेलं. बाप तयार होता, आई तयार होती. पण गंगावेशीतल्या त्या घरात म्हैस विकायची असो की भिंतीला रंग द्यायचा असो, शेवटचा शब्द दुसरीतून शाळा सोडलेल्या शालूबाईंचा. आणि त्यांनी तो देऊन टाकला होता.

"आधी गाणं करून दाखव. गल्लीत माझी मान ताठ ऱ्हायली तर जा पुण्याला. मान खाली गेली, तर गोठा हायच की!"

गटात तिघंच. निशा दिग्दर्शक. खिजर कॅमेऱ्यावर, कारण त्याच्या गौसचाचांचा लग्नाच्या शूटिंगचा धंदा आणि कॅमेरा घरचा. तिसरा संघर्ष नावाचा काटकुळा पोरगा. गाणं त्याचं, चाल त्याची, आवाजही त्याचाच, आणि नायकही तोच. शालूबाईंच्या घराच्या पुढच्या सोप्यात बसून, डोळे मिटून त्यानं ते म्हणून दाखवलं.

"पाण्यावरती ठेवून जा तू तुझी सावली जाताना..."

"ठेवून जायला सावली काय पिशवी हाय व्हय?"

संघर्षचे डोळे उघडले. "आज्जी, ती भावना आहे."

"असंल. हिरॉइन कुठाय?"

तिघांनी एकमेकांकडं पाहिलं.

"हिरॉइन नाहीच," निशा म्हणाली. "ती दिसतच नाही. नुसती सावली. हा तिला धुक्यात शोधत मोटारसायकलवरनं येतो."

"मिळाली न्हाई म्हण की सरळ!"

"दोघींना विचारलं आज्जी," खिजर हळूच म्हणाला. "दोघींच्या घरच्यांनी आम्हाला चहा पाजून परत पाठवलं."

"आणि मोटारसायकल?"

"शेजाऱ्यांची स्कुटी मिळंल बहुतेक."

स्कुटी! शालूबाईंनी पदर खोचला. नातीचं गाणं आणि नायक स्कुटीवर? गल्लीत काय तोंड दाखवायचं? "हे बघा पोरांनो, शालूबाई असताना तुम्हाला कशाची कमी न्हाई! गाडी आमची राजदूत घ्या. जागा पंचगंगेचा घाट. धुकं कमी पडलं तर शेणकुटाचा धूर करू, कापसागत पसरतोय. मागं म्हैस हुबी करू, आमची गुलछबू. आणि तिची दोरी धरून पायरीवर मी बसतो. गाण्यात कुणीतरी घरंदाज दिसाय नको?"

एवढ्यात हंबीररावांनी घसा खाकरला. "आई, राजदूत आणि गुलछबू एका जागी..."

त्यांचं म्हणणं खरं होतं. कोल्हापुरात दिवाळीच्या पाडव्याला म्हशी सजवतात आणि मोटारसायकलीमागं पळवतात. हंबीरराव राजदूतचा सायलेन्सर काढायचे, शालूबाई मागून आरोळी द्यायच्या, आणि गुलछबू शिंगांवरची मोरपिसं उडवत अशी सुटायची की रस्ता दुभंगायचा! राजदूतची फडफड कानी पडली की निघायचं, गाडी थांबेपर्यंत थांबायचं नाही, आणि गाडी थांबली की चालवणाऱ्याच्या खांद्यावर तोंड ठेवायचं. हे सगळं तिला शालूबाईंनीच शिकवलेलं. यंदा बक्षीस मिळालेली ढाल सोप्यातच टांगली होती.

"दोरी माझ्या हातात हाय न्हवं?" शालूबाई गरजल्या. "मग? माझ्या हातातली दोरी सुटलीय कधी?"

हंबीररावांनी मान हलवली.

*

माघाची सकाळ. पंचगंगेवर धुकं असं उतरलं होतं की नदी कुठं संपते आणि आभाळ कुठं सुरू होतं, हे नदीलाही सांगता आलं नसतं. दीपमाळा अर्ध्या दिसत होत्या, अर्ध्या नव्हत्याच. कुणीतरी कपडे धूत होतं, पण दिसत नव्हतं. नुसता आवाज पाण्यावरून यायचा, ओला, लांबचा. त्यात शेणकुटाचा धूर मिसळला आणि घाट सगळा हळूहळू वर उचलल्यासारखा झाला.

शालूबाई ठेवणीतलं इरकली लुगडं नेसून पायरीवर बसल्या. नाकात नथ, हातात दोरी. दोरीच्या टोकाला गुलछबू, शिंगांना तेल लावलेली, नवरीसारखी गप्प.

"आज्जी," निशा वरून ओरडली, "दोरी दिसतीय गं! जरा खाली घे!"

"घेतली!"

खिजरनं कॅमेरा त्यांच्याकडं वळवला. "आज्जी, कॅमेऱ्याकडं बघू नका. लांब बघा. कुणाची तरी आठवण आल्यागत."

"कुणाची?"

"कुणाचीबी!"

टेपवर गाणं लागलं. पाण्यावरती ठेवून जा तू... आणि काय झालं कुणास ठाऊक! सोप्यात पिशवीसारखी वाटलेली ती ओळ धुक्यातून आली ती पायाला पाणी लागावं तशी आली. शालूबाईंना आधी दिसला टीव्ही. गल्लीतल्या घराघरातला. त्यात त्या स्वतः, नथीसकट! जयसिंगपूरची धाकटी बहीण पोराबाळांना गोळा करून सांगतीय, "ही बघा आमची शालू!" मग टीव्ही विरघळला. दिसली उचगावची विहीर, आणि काठावर वाकलेली परकरी पोर. सासरी निघायच्या आदल्या दिवशी ती पोर पाण्यात बघत राहिली होती. खाली एक शालू, वर एक शालू. वरची गाडीत बसून कोल्हापूरला आली. खालचीचं काय झालं, हे आजवर विचारायला सवडच मिळाली नव्हती. म्हशी होत्या, धारा होत्या, हंबीर होता. ती अजून असेल का तिथं? काठावर कुणी वाकलं तर दिसेल का?

धुकं गालाला लागत होतं. शालूबाईंच्या हाताची बोटं एक एक करून उघडली, झोपलेल्या लेकराची उघडतात तशी.

आणि वरच्या बाजूनं राजदूत सुरू झाली.

फड्-फड्-फड्-फड्!

गुलछबूनं कान टवकारले. पुढच्याच क्षणी शालूबाईंच्या शेजारी म्हैस नव्हती, फक्त म्हशीच्या आकाराचं धुक्यातलं भोक होतं!

बिचारा संघर्ष! ओठ हलवत, केस उडवत, सावली शोधत तो धुक्यातून येत होता. मागं धाडधाड ऐकू आलं म्हणून त्यानं वळून पाहिलं, तर सावली खरंच येत होती. काळी, शिंगांची, चांगली ट्रकएवढी!

"आईऽऽ! ए! ए! ए!"

आता पाडव्याला म्हशीला चेव आणायची आरोळी नेमकी अशीच असते! गुलछबूला वाटलं, काटकुळा असला तरी पोरगा जाणकार आहे. तिनं वेग वाढवला. त्यानं गाडी पिळली. गाडी जास्त फडफडली, तशी गुलछबू जास्त पेटली. दोघं घाट चढून गंगावेशीत शिरली. तिथं दुधाच्या कट्ट्यावर लोक पेले धरून धारोष्ण दुधाची वाट बघत उभे! शालूबाईंची कट्ट्यावरची जुनी वैरीण तानाबाई नुकती धारेला बसली होती. ती ज्या म्हशीखाली बसली होती, ती म्हैस अचानक तिथं राहिलीच नाही. गुलछबूच्या मागून निघून गेली! तिच्या मागून आणखी एक!

"सोड, पळव, हाण!" तालमीतले पैलवान लंगोटावरच बाहेर येऊन ओरडायला लागले. त्यांना वाटलं, पाडवा दोनदा आला यंदा.

आणि ह्या सगळ्याच्या मागं निशाची कॉलेजला जायची लुना. लुनावर निशा, आणि तिच्या मागं उलटं तोंड करून... नव्हे, पडता पडता सुलटा होऊन, कॅमेरा डोळ्याला लावलेला खिजर. कट म्हणायचं दोघांनाही सुचलं नाही.

रंकाळा तळ्याच्या काठावर राजदूतचं पेट्रोल संपलं. गाडी थांबली. संघर्षनं डोळे मिटून घेतले. धाडधाड जवळ आली, मंदावली, थांबली. मग एक गरम, ओला सुस्कारा मानेवर आला, आणि त्याच्या खांद्यावर अलगद एक भलंमोठं तोंड येऊन विसावलं. पाण्यावर नुकतं ऊन आलं होतं. गुलछबूनं डोळे मिटले.

"वाह!" खिजर पुटपुटला.

*

शालूबाई रिक्षातून उतरल्या त्या पेटलेल्याच.

"दोरी कुणी सोडली?"

"आज्जी, तुझ्याच हातात होती की," निशा म्हणाली.

"माझ्या हातातनं दोरी सुटंल? माझ्या? तूच म्हणालीस, दिसतीया म्हणून! तूच येऊन काढून घेतलीस!"

"मी वर होतो गं! हात लावला नाही!"

"म्हंजे मी खोटं बोलतोय? तुझं ध्यान असतंय कुठं? चहा गाळता येईना, दोरी धरता येईना, आणि निघाली पुण्याला! तानी कट्ट्यावर सगळ्यांना सांगतीया, शालूला म्हैस आवरंना! गेली माझी मान खाली! पुणं बंद!"

निशा लुना ढकलत निघून गेली. रस्त्यानं चालली ती खरोखर जमिनीवरून चालली, हे शालूबाईंनी पाहिलं, आणि का कोण जाणे, त्यांना ते काही बरं वाटलं नाही.

पण शब्द म्हणजे शब्द.

घरात मग बोलणं बंद झालं. निशा सगळा दिवस गौसचाचांच्या दुकानात संगणकासमोर. शालूबाई गोठ्यात. गुलछबू तेवढी खुशीत. संधी मिळाली की रस्त्याकडं बघायची, काटकुळा दिसतोय का म्हणून.

*

कॉलेजात गाणं दाखवायचा दिवस आला. शालूबाईंना जायचं नव्हतं. पण त्यांनी त्याआधीच अख्ख्या गल्लीला आमंत्रण दिलेलं! आता गल्ली निघाली म्हटल्यावर गल्लीच्या पुढं कोण चालणार? सभागृहात पहिल्या रांगेत मधोमध शालूबाई, मागच्या रांगेत मुद्दाम येऊन बसलेली तानाबाई, आणि शेजारी चष्मेवाले परीक्षक.

"पावणं, जरा सरकून बसा," शालूबाई त्यांना म्हणाल्या. "पदर चेंगरतोय."

अंधार झाला. पडद्यावर धुकं आलं.

गौसचाचांच्या संगणकात लग्नाचेच नमुने होते, त्यामुळं सुरुवातीला पंचगंगा एका मोठ्या बदामातून उगवली आणि कडेनं गुलाबपाकळ्या गळल्या. पण मग पाकळ्या थांबल्या. गाणं सुरू झालं. सगळं संथ, पाण्याखाली चालल्यासारखं. नायक येतोय, केस उडताहेत. आणि धुकं फाडून गुलछबू आली! तिचे चारी पाय हवेत, शिंगांवर पाण्याचे थेंब, डोळे कुठंतरी लांब लागलेले. खऱ्यात ती ट्रकसारखी सुटली होती. पडद्यावर ती तरंगत होती. कट्ट्यावरचं दूध पेल्यातून उडून हवेतच थांबलं होतं. आणि शेवटी रंकाळ्यावर तिनं खांद्यावर तोंड ठेवलं, तेव्हा मागच्या कुठल्यातरी रांगेत एक बाई चक्क हुंदका देऊन गेली!

"नायिकेच्या जागी म्हैस!" परीक्षक अंधारात कुजबुजले. "काय प्रतिमा आहे!"

"प्रतिमा न्हवं, गुलछबू," शालूबाईंनी दुरुस्ती केली. त्यांची मान हळूहळू ताठ व्हायला लागली होती.

आणि गाणं पुन्हा पहिल्या ओळीवर आलं.

पडदाभर एक चेहरा. सुरकुत्या, नथ, नथीवर धुक्याचा थेंब. डोळे असे, की त्यांना विहिरीचा तळ दिसतोय. शालूबाईंना क्षणभर कळलंच नाही ही कोण. मग कळलं. खालची शालू. काठावर वाकून बघावं तशी त्या तिच्याकडं बघत राहिल्या.

कॅमेरा चेहऱ्यावरून खाली उतरला. खांदा. दंड. कोपर.

हात.

संथपणे, एकेक बोट करून, हात उघडला. दोरी घरंगळली. पायरीवरून गेली, सावकाश, सगळ्या सभागृहाला नीट दिसेल अशी. आजूबाजूला दुसरं कुणीही नव्हतं.

"अगं बया, शालू!" तानाबाईचा आवाज. "दोरी तुझ्याच हातातनं सुटली की!"

सभागृह खदखदलं. मग टाळ्या पडल्या, थांबेचनात. दिवे लागले तेव्हा संघर्ष आणि खिजर वर उभे राहून हात हलवत होते. निशा खाली आली आणि आजीसमोर उभी राहिली.

"आज्जी, तो शॉट मी काढणार होतो," ती म्हणाली. "तीनदा काढला. परत परत घातला. तू एवढी छान दिसत होतीस."

अख्खी गल्ली वाकून ऐकायला लागली. हंबीररावांची मान हलायच्या बेतात थांबली. शालूबाई उठल्या. पदर सारखा केला. तानाबाईकडं एकदा पाहिलं, नातीकडं दोनदा.

"जा पुण्याला," त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "कॅमेरा माणसाच्या तोंडावर कसा धरायचा, ते कळतंय तुला. हातावर कधी धरायचा न्हाई, तेवढं शिकून ये!"