मोहीम शनिवारच्या न्याहारीची

शुभं भवतु. सुपीरियर नामे समुद्रतुल्य सरोवराचे पश्चिमतीरी, दुलूथ शहरी, टेकडीवरील पिवळ्या घरात जे वर्तमान गुदरले ते ऐकोन लिहिले असे. पदरचे मीठ चवीपुरते.

सौभाग्यादिसंपन्न कर्स्टन हाल्व्हरसन बाई, दातांचे दवाखान्याच्या कारभारी, आणि यजमान डेल, बंदरी जहाजे दोरांनी बांधणार, ऐसे उभयतां प्रातःकाळीच चाकरीस जाती. पोटी कन्यारत्न टिल्डा, वय वर्षे चार, स्वभावे तोफखाना. तिजला कोणी राखावे? मग मसलत करोन ओ पेअर आणिली. म्हणजे परमुलखीची तरुण कन्या, जी वर्षभर घरी राहोन लेकरू सांभाळी आणि घरचीच लेक म्हणवी. कोलंबिया देशींहून यूलियाना आली, वय एकवीस. बाईंनी करारनामा कलमवार वाचिला: आठवड्यास पंचेचाळीस तास, रोजी दहांवर एक पळ नाही, दीड दिवस मोकळा, खोली स्वतंत्र. मग खोलीस रंग दिल्हा, आणि गाडीची किल्ली दिल्ही, आणि चौतीस पानांचा घरचा दस्तूर लिहोन दिल्हा, आणि मनी म्हणाल्या की ऐसी सरबराई मुलखात दुसरी नाही.

पाच महिने उत्तम गेले. टिल्डा तिजवांचून घास गिळीना. मग माघ सरता सरता ओ पेअर धाडणाऱ्या संस्थेची कारभारीण मार्लिसबाई, जी महिन्याकाठी या कन्यांची खबर घेई, तिचा फोन आला की यूलियाना दुसरे घर मागते. ते शोधण्यास मुदत दोन आठवड्यांची. बाईंचे हातचा कप हातीच राहिला.

“आम्ही काय कमी केलं तिला?”

“कमी नाही गं, जरा जास्तच. शनिवारी ती कुठं असते, माहितेय?”

“मैत्रिणींबरोबर हिंडते की.”

“वाचनालयात. दार उघडायच्या आधीपासून बाहेर गाडीत बसते.”

“एवढी छान खोली दिलीय तिला.”

“खोलीतून कॉफी करायला खाली आली, की तू म्हणतेस, ‘आहेसच इथे, तर पाच मिनिटं टिल्डाकडे बघ.’ तुझी पाच मिनिटं ओळखते मी, कर्स्टन. त्यात तुझं वाणसामान येतं आणि आंघोळही होते.”

बाईंचे मनी उमजले की म्हणविली लेक आणि वागविली सून. माहेर समुद्रापल्याड, आणि पोर सुट्टीचे दिवशी चोरपावली घराबाहेर पडते.

शुक्रवारी खासगत मसलत बसोन फर्मान सुटले की, उद्यां मंदवारी यूलियानास कोणी काही मागो नये, पुसो नये, टिल्डाचा मोजा शोध म्हणो नये; आणि तिजला इतकाच निरोप, की न्याहारी घरी करावी.

“आणि तूच विसरलीस तर?” डेल म्हणाले.

“तर तू खोक.”

मंदवारी यूलियाना झोपेच्या कपड्यांत खाली उतरली, परंतु खुर्चीच्या कडेसच टेकली, जैसी चिमणी तारेवर. बाई तव्यावर पॅनकेक घालीत होत्या. तोच टिल्डाने आघाडी उघडिली. स्वेटरात मुंडके अडकलेले, एक बाही मोकळी, ऐसी ती आंधळीच मुदपाकखान्यात चालोन आली आणि मेजावर आदळली. मग तवा धुमसू लागला, आणि छतीची धुराची घंटा बोंब मारू लागली, आणि बाईंचे दोन्ही हात पिठात, आणि यूलियाना अवघी दोन हातांवर. तेव्हां ते जुने वाक्य पोटातून कंठी आले, कंठातून ओठी आले.

“आहेसच...”

डेल खोकले. ऐसे खोकले की बंदरातील भोंग्यास लाज यावी. यूलियाना सवयीने अर्धी उठली होती. बाईंनी वाक्य तेथेच वळविले.

“आहेसच बसलेली, तर बसूनच राहा. सिरप घे. हा गोंधळ आमचा आहे.”

मग मुंडके डेलनी सोडविले. टिल्डा हटणार नव्हे. केसांचा ब्रश घेवोन दुसरा हल्ला केला.

“यूली, वेणी.”

“आज वेणी बाबा घालणार,” डेल आडवे आले.

“बाबाला येत नाही.”

“अख्खी जहाजं बांधतो मी.”

आणि ऐसी गाठ मारिली की वादळातही सुटणे नाही.

“दुखतं, बाबा.”

“जहाजं कुरकुर करत नाहीत.”

यूलियाना हसली, आणि हसता हसता पाठ खुर्चीस टेकली. मग तिने चार पॅनकेक खाल्ले, त्यांत एक करपलेला, आणि दुसरी कॉफी घेतली, आणि दिवाणखान्यातील कोचावर पाय पसरोन फोनवर दोन ओळी लिहिल्या, आणि भर सकाळी, भर घरात, तोंड किंचित उघडे टाकोन झोपी गेली.

टिल्डा चवड्यांवर येवोन पाहो लागली. “आजारी आहे का ती?”

“नाही गं,” बाई म्हणाल्या. “घरी आहे.”

इतक्यात मार्लिसबाईंचा खलिता फोनवर उमटला: ‘ती म्हणते, दुसरं घर शोधू नका. काय केलंस गं?’

बाईंनी पिठाच्या बोटांनी उत्तर धाडिले: ‘काहीच नाही. फार अवघड गेलं.’

येणेप्रमाणे फाल्गुन मासी, मंदवारी, सकाळी दहाचे सुमारास मोहीम फत्ते जाहली. आपले बाजूस तीन पॅनकेक जळोन कामास आले, तवा जायबंदी. पुढे ज्या कोणास परमुलखीची लेक घरी आणणे असेल, त्याने कलमे वाचावीच. परंतु खोली एका दिवसात रंगविता येते, जीभ आवरावयास पाच महिने लागती, हे जाणोन असावे. नौबत वाजविली नाही. कन्या अद्याप झोपली असे.