बारा शब्दांचा नेम

“आई, हे बारा शब्द कागदावर लिहा, कागद कपाटात कुलपात ठेवा, आणि कुणाला म्हणजे कुणालाही सांगू नका!”

ऑफिसला निघता निघता सूनबाईने दारातून तीनदा बजावलं होतं. पण कागद? माईंना हसूच आलं. रोजच्या नेमातली सत्तावीस स्तोत्रं ज्यांना झोपेतसुद्धा पाठ, त्यांनी बारा शब्दांसाठी कागद शोधायचा? आणि डोक्यावरचा चष्मा घरभर शोधणाऱ्या बाईने कपाटाच्या किल्लीवर भरवसा ठेवायचा? छे! सरळ पाठच करू!

प्रकरण असं होतं. शिवणकामातून साठवलेली माईंची पुंजी कालच मोबाइलमधल्या क्रिप्टो वॉलेटमध्ये गेली होती. सूनबाईने शेजारी बसवून सगळं शिकवलं. हे पाकीट. यातून टोकन, म्हणजे एक प्रकारचे डिजिटल शेअर घ्यायचे. मग ते ‘स्टेक’ करायचे, म्हणजे एकवीस दिवस जागचे हलवायचे नाहीत. त्यांत रोज थोडी थोडी भर पडते. आणि हे बारा शब्द म्हणजे पाकिटाची किल्ली. माईंनी बोट टेकवलं, पडद्यावर हिरवी खूण उमटली, आणि एरवी पावलांचा आवाज न करणाऱ्या माई चक्क टाळ्या पिटत उठल्या!

कारणच तसं होतं. या पैशांतून जाऊबाईंसाठी कानाचं यंत्र यायचं होतं. जाऊबाई म्हणजे सगळ्यांच्या काकू, राहायला याच घरात. ऐकू कमी येत असल्यामुळे त्यांचा आवाज असा, की त्या कुजबुजल्या तरी तिसऱ्या मजल्यावरचं मांजर दचकून उठावं! यंत्राचं गुपित मात्र त्यांना कळू द्यायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून माईंच्या नेमात स्तोत्रांच्या शेवटी बारा शब्दांची भर पडली. खिडकी, कासव, शिडी, लोणी... अगदी मनातल्या मनात. पण चाळीस वर्षांची सवय! मन म्हणू लागलं की ओठ हलायचेच.

दुपारी प्रार्थना मंडळात काकू नेहमीप्रमाणे माईंच्या समोरच बसल्या. ओठ वाचण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता.

“माई, हे कुठलं नवीन? यात कासव कुठून आलं?” काकूंनी हळूच विचारलं. म्हणजे अख्ख्या सभागृहाने ऐकलं!

माई गडबडल्या. खोटं न बोलण्याचाही त्यांचा नेम होता.

“अगं, ते... कुणाला सांगायचं नसतं.”

“गुप्त आहे?” पेटीवाल्या बाई पेटी सोडून पुढे सरकल्या.

“हो.”

“फळ काय मिळतं?”

“रोज थोडी थोडी वाढ होते.”

“आणि नियम?”

“एकवीस दिवस हात लावायचा नाही.”

“शब्दांचा क्रम चुकला तर?”

“तर सगळं गेलंच समजा!” माई कळवळून म्हणाल्या.

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. इतकं कडक व्रत आणि माई एकट्याच करतात? बरं, माई पडल्या संकोची. आपणहून कधी देणार नाहीत. मग काय! काकू रोज दोन-तीन शब्द ओठांवरून टिपायच्या, आणि माई घरी गेल्या की बाकीच्यांना पुरवायच्या.

आठव्या दिवशी सूनबाईला सुट्टी होती. माईंबरोबर तीही मंडळात निघाली. जिन्यातच पेटी ऐकू आली, टाळ ऐकू आले, आणि त्या सगळ्यांच्या वर काकूंचा आवाज:

“खिडकी कासव हो! शिडी लोणी हो!”

सूनबाई जागीच खिळली. मग तीन-तीन पायऱ्या ओलांडत वर धावली! सभागृहातल्या फळ्यावर रंगीत खडूंनी बारा शब्द ओळीने लिहिलेले. भोवती वेलबुट्टी. तिने ओढणीने फळा पुसायला घेतला.

“अगं, अगं! पवित्र आहे ते!” पेटीवाल्या बाई किंचाळल्या.

“पवित्र कसलं, पासवर्ड आहे तो!” सूनबाई ओरडली आणि माईंकडे वळली. “आई, कागद कुलपात ठेवला होतात ना?”

“कागदच नव्हता गं,” माई पुटपुटल्या.

“हे शब्द ज्याच्या हाती पडतील, त्याला सगळे शेअर नेता येतील! आणि आपल्याला ते आत्ता दुसरीकडे हलवताही येत नाहीत. अजून तेरा दिवस!”

माईंच्या डोळ्यांत पाणी आलं. काकूंना त्यांचे ओठ नीट दिसावेत म्हणून त्या समोर जाऊन उभ्या राहिल्या आणि सगळं सांगून टाकलं. पाकीट, शेअर आणि कानाचं यंत्र.

“माझ्या कानासाठी?” काकूंनी विचारलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांचा आवाज कुणाला ऐकू आला नाही.

मग त्या सावरल्या. “ठरलं! यातला एक शब्द मी सोडला, तेरा दिवस तो माझ्या तोंडून निघणार नाही. बाकीचे तुम्ही घ्या वाटून!”

माई धरून बायका बरोबर बारा! प्रत्येकीने एकेक शब्द सोडला. डेअरीवाल्या बाई कुरकुरल्या, “लोणी म्हणायचं नाही तर मी दुकानात विकू काय?” विजेची कामं करणारीला शिडी सुटली. माईंनी खिडकी घेतली. सूनबाईने कपाळाला हात लावला, पण तेरा दिवस सरताच नवं पाकीट उघडायचं, शेअर त्यात हलवायचे आणि यावेळी कागद स्वतः लिहायचा, हे मनाशी पक्कं केलं.

काकूंच्या वाट्याला आला ‘साबण’.

आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी न्हाणीघरातला साबण संपला!

“काय आणायचंय, काकू? मी जाते,” सूनबाई म्हणाली.

काकूंनी तोंड उघडलं. मिटलं. मग भर बैठकीत दोन्ही काखा खसाखसा घासून दाखवल्या.

“खाज सुटलीय? औषध आणू?”

काकूंनी तिच्याकडे जळजळीत नजरेने पाहिलं. न्हाणीघरात जाऊन केराच्या टोपलीतलं ओलं वेष्टन शोधून आणलं. कुणाला नाव वाचता येऊ नये म्हणून ते मुठीत घट्ट दाबलं, दुसऱ्या हाताने तोंडावर पदर धरला, आणि दुकानाच्या दिशेने चाळीस वर्षांत पहिल्यांदाच एक अक्षर न बोलता जिना उतरू लागल्या.